तोंडापासून एक वीत: माईकबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वेबकॅमबद्दल लिहिताना शेवटी एक ओळ सहज टाकली होती, मीटिंगच्या माईकची काही अडचण असेल तर कळवा म्हणून, तर आता टेबलावर प्रश्नांचा ढीग पडलाय. बऱ्याच जणांचा सूर एकच, "कुठल्या कंपनीचा घेऊ तेवढं सांगा". कंपनीचं नाव सांगणं सोपं आहे हो, पण नाव सांगून तुमचे पैसे वाया जाणार असतील तर मला झोप लागायची नाही, म्हणून जरा खोलात जाऊन लिहितोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापत नाही.

मी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. मुलं माढा, करमाळा, मंगळवेढ्याकडची, मोबाइलवर ऐकतात. मी साठ म्हटलं की त्यांना आठ ऐकू येतं, सहा म्हटलं की दहा, अर्धा तास त्यातच जातो. म्हणून साडेसात हजारांचा कंडेन्सर माईक घेतला, तरी पोरं म्हणायलेत मॅडम विहिरीतून बोलायल्यागत वाटतंय. हा परत करून दुसरा कुठला घेऊ? (शिक्षिका, जुळे सोलापूर)

मॅडम, माईक परत करू नका. तुम्ही पाठवलेला फोटो बघितला. माईक चांगला आहे, पण तो लॅपटॉपच्या मागं भिंतीला टेकून उभा आहे आणि तुम्ही खुर्चीत मागं रेलून बसलाय, म्हणजे तोंडापासून माईक सहज अडीच-पावणेतीन फूट. सगळी गोम तिथंच आहे.

याचा हिशोब तुम्हाला लगेच पटेल. अंतर दुप्पट झालं की तोंडातून सरळ येणारा आवाज ६ डेसिबलनं (डेसिबल हे आवाज मोजायचं माप) पडतो. पण भिंती, स्लॅब, फरशी यांच्यावर आपटून खोलीभर फिरणारा जो आवाज असतो तो खोलीत सगळीकडं जवळपास सारखाच असतो, माईक कुठंही ठेवा, त्याच्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे माईक जितका लांब तितका त्यात तुमचा आवाज कमी आणि खोलीचा जास्त. आता ८० सेंटिमीटरवरचा माईक उचलून २० सेंटिमीटरवर आणा, म्हणजे तोंडापासून साधारण एक वीत. अंतर दोनदा निम्मं झालं, १२ डेसिबलचा फायदा झाला, आणि खर्च शून्य. साडेसात हजारांच्या जागी तीस हजारांचा माईक आणून त्याच भिंतीला टेकवला तर हा फायदा मिळणार नाही, उलट चांगला कंडेन्सर माईक इतका संवेदनशील असतो की खोलीचा घुमारा तो आणखीच इमानदारीनं पोचवतो.

विजापूर आपल्यापासून शंभरेक किलोमीटर, शाळेची सहल गोल घुमटाला गेली नाही असा सोलापूरकर शोधावा लागेल. वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलं की पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्याला ऐकू येतं, टाळी वाजवली की एकामागून एक परत येत राहते, पोरं ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. पण तिथं उभं राहून मित्राला एखादं लांब वाक्य सांगून बघा, धड एक शब्द कळत नाही, कारण पहिला शब्द अजून फिरतोय तोवर दुसरा त्याच्यावर येऊन पडतो. तुमच्या खोलीत स्लॅब, चकचकीत टाइल्स, मोकळ्या भिंती, काचेची खिडकी आणि लोखंडी कपाट, म्हणजे तो लहानसा घुमटच झाला. खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा, मागून "टणण" असं काही वाजलं तर समजा तेच पोरांना ऐकू जातंय.

आणि साठचं आठ का होतं तेही सांगतो, कारण हे मराठीतून शिकवणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावं असं मला फार वाटतं. आपल्या बोलण्यात मोठा असतो तो स्वर, 'आ' 'ओ' वगैरे. 'स' बिचारा हलका असतो आणि त्याची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४००० कंपनांच्या, वर असते. आधीच्या शब्दातला लांबलेला 'आ' खोलीत फिरत असतो, त्याच्याखाली हा 'स' गाडला जातो आणि उरतं ते "आठ". 'सहा'तला 'स' आणि 'दहा'तला 'द' दोन्ही असेच चिरडले की मागं "हा" तेवढं राहतं, मग पोरगं अंदाजानं लिहितं. चूक पोरांच्या कानाची नाही आणि तुमच्या उच्चाराची तर नाहीच नाही.

आता उपाय, तो आपल्या गावातच विणला जातो. चादर. थट्टा करत नाहीये. १८९५ मधे हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबाईन नावाच्या तरुण प्राध्यापकाला एक काम दिलं होतं, नव्या इमारतीतल्या व्याख्यानाच्या हॉलमधे काहीच समजत नाही, बघा काय करता येतं. त्यानं मोजलं तर त्या हॉलमधे आवाज विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास लागत होते. मग हा गडी रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, हॉलमधे थोड्या थोड्या मांडायचा, ऑर्गनचा एक पाइप वाजवायचा आणि स्टॉपवॉच घेऊन आवाज विरायला किती वेळ लागला ते मोजायचा, आणि सकाळी नाट्यगृह उघडायच्या आत गाद्या परत. सगळ्या गाद्या आणल्यावर तो वेळ एक सेकंदाच्या जवळ आला. खोलीतला घुमारा मोजायचं शास्त्र या गाद्यांपासून उभं राहिलं, आजही ते सूत्र त्याच्याच नावानं ओळखतात. घरात जाड सुती चादरी असणाऱ्यांना अजून काय पाहिजे?

तुमचा माईक तोंडासमोर असतो, त्याला तुम्ही दिसता आणि तुमच्या मागची भिंत दिसते. म्हणून पहिली चादर तुमच्या पाठीमागं टांगा. भिंतीला चिकटवून खिळे ठोकू नका, दोरी किंवा पडद्याचा रॉड लावून भिंतीपासून चार-सहा बोटं पुढं सोडा, थोड्या चुण्या पडू द्या. कारण आवाज कापडात जिरतो तो हवा धाग्यांतून ये-जा करताना घासली जाते म्हणून, आणि अगदी भिंतीलगत हवेला हलायला जागाच नसते. १००० हर्ट्झच्या आवाजाची लाट ३४ सेंटिमीटर लांब असते, तिचा पाव भाग म्हणजे साडेआठ सेंटिमीटर, तेवढ्या अंतरावर कापड सगळ्यात चांगलं काम करतं. दुसरी चादर शक्य असेल तर समोरच्या भिंतीला, आणि टेबलावर टर्किश टॉवेल पसरा, टेबलावरून उसळून येणारा आवाजही माईकमधे जातो. कॅमेऱ्यात मागं चादरीवरचा मोर दिसला तर काय बिघडलं, शोभाच आहे ती.

एवढं मात्र लक्षात घ्या, चादरीनं वरचा, कर्कश घुमारा जातो, खालचा जड घुमारा तेवढा जात नाही, त्याला कोपऱ्यात उभी केलेली कापसाची गादी उपयोगी पडते. आणि बाहेरच्या रस्त्याचा आवाज चादर अडवत नाही, ते काम वीट-सिमेंटचं आणि घट्ट बसणाऱ्या दाराचं.

माईक जवळ आणला की एक नवीन त्रास सुरू होतो. आपल्या भाषेत ख, घ, छ, ध, फ, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो, आणि तुमच्या विषयात तर छेद, घन, भागिले, भूमिती असलेच शब्द. तो झोत सरळ माईकवर आदळला की "भप्" होतं. माईक तोंडाच्या बरोब्बर समोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत जरा बाजूला ठेवा, तोंडाकडं वळवा, त्याच्यावर फोमची टोपी घाला. मग माईकचा गेन, म्हणजे आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण, कमी करा, जवळ आल्यावर एवढा लागत नाही.

शेवटचं एक बघून घ्या, असे बरेच टेबलावरचे माईक वरच्या टोकातून ऐकत नाहीत, बाजूनं ऐकतात, जिकडं कंपनीचं नाव छापलंय ती बाजू तोंडाकडं हवी. वरच्या टोकात आइस्क्रीम कोन धरल्यासारखं बोलणारे मी किती बघितलेत. आणि चार प्रकारचे पॅटर्न, म्हणजे माईकनं कुठल्या बाजूंनी ऐकायचं ते, बदलायचं बटण असेल तर समोरचंच ऐकणाऱ्या कार्डिऑइडवर ठेवा, बदामाच्या आकाराचं चिन्ह असतं ते.

सोलापूरच्या पूर्व भागात घर आहे, खाली वडिलांचे यंत्रमाग, वरच्या मजल्यावरून मी पुण्याच्या कंपनीचं काम करतो. भारीतला नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतला, मला मागांचा आवाज येतच नाही, पण मीटिंगमधे सगळे विचारतात रेल्वेत बसलायस का. आता वेगळा माईक घेऊ का? (अशोक चौकाजवळून)

अण्णा, तुमच्यासारखे चार जण आहेत या वेळी, सगळे एकाच ठिकाणी फसलेत. हेडफोनच्या खोक्यावर नॉइज कॅन्सलिंग लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा तुमच्या कानासाठी असतं. बाहेरचा आवाज मोजून त्याच्या उलटी लाट तो तुमच्या कानात सोडतो, तुम्हाला शांत वाटतं. समोरच्याला काय ऐकू जातं तो प्रश्न माईकचा, आणि त्या हेडफोनचा माईक कानाच्या पाळीजवळ बसलेला असतो, तोंडापासून चार इंच लांब, आणि तोंडाच्या समोरही नाही.

तुम्हाला टेबलावरचा कुठलाच माईक घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. तुम्हाला पाहिजे वायरचा यूएसबी हेडसेट, ज्याची दांडी वळवून माईक ओठांजवळ आणता येतो, कॉल सेंटरवाले वापरतात तसला. दोन-तीन हजारांत चांगला येतो. लॅपटॉपचा स्वतःचा माईक तोंडापासून ८० सेंटिमीटरवर धरला आणि दांडीचा ४ सेंटिमीटरवर, तर वीसपट जवळ, म्हणजे २६ डेसिबल. मागाचा आवाज दोन्हीकडं तेवढाच आहे, तुमचा आवाज मात्र इतका वर येतो. शिवाय चांगल्या दांडीच्या माईकला पुढं आणि मागं अशी दोन छिद्रं असतात, लांबून येणारा मागांचा आवाज दोन्हीकडून जवळपास सारखाच शिरतो आणि आपोआप कटतो, तुमचं तोंड एकाच छिद्राजवळ असतं म्हणून तुमचा आवाज राहतो. त्यामुळं दांडी उलटी फिरली की सगळं मुसळ केरात. तोंडाकडची बाजू कुठली ते एकदा बघून त्यावर पांढरा ठिपका करून ठेवा, आणि दांडी नाकासमोर नको, ओठाच्या कोपऱ्याशी दोन बोटांवर, नाहीतर श्वास ऐकू जातो.

माग बसवलेल्या घरात अजून एक गोष्ट होते जी बाहेरच्याला कळत नाही, जमीन थरथरते. टेबलावर स्टँडला माईक लावला की आवाज हवेतून येतोच, वर पाय-टेबल-स्टँड अशा वाटेनं धडधड पण येते. डोक्यावरच्या हेडसेटला ती वाटच नाही. ज्यांना टेबलावरचाच वापरावा लागतोय त्यांनी स्टँडखाली टॉवेलच्या आठ घड्या करून ठेवा, बराच फरक पडतो. तुमच्या खोलीच्या दाराखाली फट असेल तर तिथंही टॉवेलची गुंडाळी सरकवा, आवाज पाण्यासारखा असतो, बारीक फट मिळाली तरी पुरते.

झूममधे ऑडिओच्या सेटिंगला बॅकग्राउंड नॉइज सप्रेशन असतं, लो, मिडियम, हाय असं. पंख्यासारखा एकसुरी आवाज ते चुटकीसरशी काढतं, मागातल्या धोट्याची खटखट त्याला जड जाते कारण ती तुटक असते. हायवर ठेवलं की खटखट जाते पण तुमच्या शब्दांच्या शेपट्याही कापल्या जातात. आधी हेडसेट लावून मिडियमवर एक रेकॉर्डिंग करून स्वतः ऐका. स्टेजवरचा एसएम ५८ सारखा डायनॅमिक माईक घेऊ का असंही एकानं विचारलंय. तो १९६६ पासून बाजारात आहे, दणकट आहे, लांबचं कमी पकडतो, पण तो लॅपटॉपला सरळ लागत नाही, मधे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणारी डबी, घ्यावा लागतो, सगळं मिळून खर्च वाढतो आणि दिवसभर त्याच्या तोंडाशी तोंड धरून काम होत नाही. गाणं म्हणायचं असेल तर घ्या.

आणि अण्णा, विषय तुमच्या मीटिंगचा आहे तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही, वडिलांना कानात घालायचे साधे फोमचे बोळे आणून द्या. मागांमधे आयुष्य काढलेल्या किती जणांशी आपल्याला ओरडून बोलावं लागतं ते पूर्व भागात वाढलेल्याला सांगायला नको. गेलेला कान परत येत नाही.

लेक-जावई कॅनडात असतात, रविवारी व्हिडिओ कॉल करतो. मी बोलले की माझंच बोलणं मला अर्ध्या सेकंदानं परत ऐकू येतं. मोबाइल जुना झालाय का? माईक लावू? (काकू, रेल्वे लाइन्स)

काकू, काहीही घेऊ नका, तुमचा मोबाइल ठीक आहे. आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू आला की दोष समोरच्याच्या घरात असतो. तुमचा आवाज त्यांच्या स्पीकरमधून निघतो, त्यांच्याच माईकमधे शिरतो आणि तुमच्याकडं परत येतो. त्यांना ते ऐकूच येत नाही, त्यामुळं लेक म्हणणार आई तुझ्याकडंच काहीतरी झालंय. पुढच्या रविवारी जावयांना म्हणा दोन मिनिटं माईक म्यूट करा, मी बोलते. परत येणारा आवाज बंद झाला की झालं सिद्ध. त्यांना स्पीकर बारीक करायला सांगा किंवा इअरफोन लावायला. आणि एकाच खोलीत जावयांचा लॅपटॉप आणि नातवाचा टॅब दोन्ही कॉलला जोडलेले नाहीत ना तेवढं विचारा, बहुतेक तेच निघेल.

महिला भजनी मंडळाला ऑनलाइन पेटी आणि गाणं शिकवते. मी सूर धरून ठेवला की दोन सेकंदांत पेटी गायब होते, बोलायला लागले की परत आवाज नीट. तीन माईक बदलून झाले. (पंढरपूर)

ताई, तीन माईक बदलले हे वाचून जीव हळहळला, कारण तिन्ही निर्दोष होते. हे ॲप करतंय. मीटिंगचं ॲप माणसाचं बोलणं शोधत असतं, आणि जो आवाज एकसारखा चालू राहतो त्याला ते पंखा किंवा मिक्सर समजून पुसून टाकतं. धरलेला षड्ज त्याच्या लेखी पंखाच. तानपुऱ्याचं तर विचारूच नका.

झूममधे ऑडिओ सेटिंगला ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स असा पर्याय आहे, तो चालू करा, मग मीटिंगच्या स्क्रीनवर वरच्या बाजूला ओरिजिनल साउंडचं बटण येतं, शिकवताना ते चालू आहे ना बघायचं. शिष्या गाऊन दाखवताना त्यांच्याकडंही ते चालू पाहिजे, एका बाजूनं चालू करून भागत नाही. गूगल मीटवर असाल तर सेटिंगमधलं नॉइज कॅन्सलेशन बंद करा. हे केल्यावर घरातले सगळे आवाज पलीकडं ऐकू जाणार, कुकरच्या शिट्टीसकट, म्हणून वेळ तशी निवडा. ओरिजिनल साउंडमधे एको कॅन्सलेशनही बंद केलं तर कानात इअरफोन पाहिजेच, नाहीतर काकूंना होतोय तो त्रास तुमच्या शिष्यांना होणार.

माईक पेटीवर ठेवू नका, भात्याची धडधड आणि पट्ट्यांची टकटक थेट आत जाते. पेटीच्या पुढं दीड-दोन फुटांवर वेगळ्या स्टँडवर, उंची छातीएवढी, तोंड वर तुमच्या गळ्याकडं वळवलेलं. गळा नेहमी पेटीपेक्षा थोडा वर राहू द्या. आणि सगळ्यांनी एकदम गजर करायचा मोह टाळा, इंटरनेटवर आवाज पोचायला जो वेळ लागतो तो प्रत्येकीचा वेगळा, ताल जुळणारच नाही. तुम्ही म्हणा, त्या म्यूटवर मागून म्हणतील, मग एकेकीचं ऐका. तीन माईकांपैकी एक ठेवा, दोन मंडळातल्या कुणाला तरी द्या.

आमच्या पतसंस्थेत अकरा संचालक एका लांब टेबलाभोवती बसतात, लॅपटॉप एका टोकाला. बाहेरगावचे सभासद म्हणतात अध्यक्ष सोडून कुणाचं कळत नाही. प्रत्येकाला माईक घ्यायचा का? (बार्शी)

अकरा माईक घेतले तर ते सांभाळायला बारावा माणूस लागेल. टेबलाच्या मधोमध ठेवायचा कॉन्फरन्स स्पीकरफोन मिळतो, गोल चकतीसारखा, त्यात चारी बाजूंनी ऐकणारे माईक आणि स्पीकर एकत्रच असतात, आणि स्वतःच्या स्पीकरचा आवाज स्वतःच्या माईकमधून वजा करायची सोय आतच असते. पण एक लहान चकती चार-पाच माणसांना पुरते, लांब टेबलाच्या दोन टोकांना नाही. घेताना दोन एकमेकांना जोडता येतील असं मॉडेल घ्या, किंवा पैसे वाचवायचे असतील तर टेबलं सरकवून चौकोन करा आणि जवळ बसा, मी आधी हेच करून बघेन. डोक्यावरचा पंखा चकतीवर वारा मारत असेल तर तेवढाच पंखा बंद.

कुणी कितीही आग्रह केला तरी त्या खोलीत दुसरा मोबाइल आवाजासकट मीटिंगला जोडू द्यायचा नाही, शिट्टी सुरू होते आणि मग कोण कुणाला बंद करायला सांगतंय तेच कळत नाही. एका वेळी एकानं बोलायचं हा नियम अध्यक्षांनी पाळायला लावला तर माईकपेक्षा जास्त फायदा होईल.

कॉलर माईक घेतला, मोबाइलला चालतो, लॅपटॉपला लावला की लॅपटॉप ओळखतच नाही. (विद्यार्थी, शेळगी)

पिनवरच्या काळ्या रेघा मोज. तीन रेघा असतील तर ती मोबाइलची पिन, दोन असतील तर कॅमेऱ्याची किंवा जुन्या कॉम्प्युटरची. लॅपटॉपला हेडफोन-माईक मिळून एकच भोक असेल तर त्याला तीन रेघांचीच लागते. तुझी पिन तीन रेघांची आणि लॅपटॉपला माईकचं वेगळं गुलाबी भोक असेल तर मधे एका पिनेच्या दोन पिना करणारं छोटं स्प्लिटर लागतं, साधीच वस्तू आहे, मोबाइलच्या दुकानात मिळेल. बोयाचा बीवाय-एम१ असेल, पोरांकडं बहुतेक तोच असतो, तर त्याच्या डबीवर स्मार्टफोन आणि कॅमेरा असं बटण आहे, ते स्मार्टफोनकडं ठेव. त्यातला एलआर ४४ सेल कॅमेऱ्याच्या वेळी लागतो. सगळं करून पण नाही झालं तर विंडोजच्या साउंड सेटिंगमधे इनपुटला लॅपटॉपचाच माईक निवडलेला राहिला असेल.

कॉलर माईक शर्टच्या दुसऱ्या बटणाजवळ लावायचा, हनुवटीखाली एक वीत. घरात आई किंवा ताई वापरणार असतील तर मंगळसूत्र, ओढणी, पदर त्याला घासणार नाही असा लावायला सांग, समोरच्याला ते पोतं ओढल्यासारखं ऐकू येतं.

वायर नको वाटते. ब्लूटूथवर गाणी इतकी छान वाजतात, मग मीटिंगमधे तेच इअरबड लावले की सगळं डब्यातून आल्यासारखं का? (होटगी रोड)

गाणी ऐकताना ब्लूटूथ एकाच दिशेनं आवाज पाठवतं. माईक चालू झाला की दोन्ही दिशांना पाठवावा लागतो, त्यासाठी ते फोन कॉलच्या जुन्या पद्धतीवर जातं, तिथं आवाजाचे सेकंदाला बहुतेक वेळा ८००० किंवा १६००० नमुने घेतले जातात, गाण्यांच्या वेळी ४४१०० असतात. ८००० नमुन्यांत ४००० हर्ट्झच्या वरचं काही येतच नाही, म्हणून 'स' जवळपास मरतोच. एलई ऑडिओ ही ब्लूटूथची नवीन पद्धत आलीय, पण ती लॅपटॉप आणि इअरबड दोघांकडं असावी लागते. वायर नकोच असेल तर यूएसबीचा छोटा डोंगल येणारा वायरलेस हेडसेट घ्या. किंवा ऐकायला इअरबड आणि बोलायला लॅपटॉपचा माईक निवडा, तेवढ्यानंसुद्धा डबा जातो, फक्त लॅपटॉपजवळ बसा.

एप्रिल-मेमधे कूलर बंद करून मीटिंग करायची म्हणजे जीव जातो. कूलर चालू ठेवून चालेल असा माईक सांगा. (विजापूर रोड)

खरंय, ४३-४४ डिग्रीत बंद खोलीत तासभर बसून बोलायला कुणी सांगू नये, मी तर सांगणार नाही. कार्डिऑइड माईक समोरचं सगळ्यात जास्त ऐकतो आणि बरोब्बर पाठीमागचं सगळ्यात कमी. म्हणून माईकची पाठ कूलरकडं करायची. म्हणजे कूलर तुमच्या समोर, मधे माईक, माईकचं तोंड तुमच्याकडं. बहुतेकांकडं उलटं असतं, कूलर पाठीला घेऊन बसतात आणि माईकला तुमच्याबरोबर कूलरही सरळ ऐकू जातो. घुमणाऱ्या खोलीत कूलरचा आवाज भिंतींवरून फिरून पुढून पण येतो, तिथं परत मॅडमना सांगितलेली चादर.

कूलरचा वारा माईकवर आपटू द्यायचा नाही, वाऱ्यानं जी घरघर होते ती कुठलंच ॲप नीट काढत नाही. जाळी थोडी वळवून झोत खांद्यावर घ्या, माईकवर फोम घाला. कूलर खिडकीच्या बाहेर स्टँडवर असेल तर उत्तम, आतला असेल तर पायांखाली रबराचे तुकडे टाका, पत्रा थरथरायचा कमी होतो. पंपाचा आवाज वेगळा ओळखू येत असेल तर टाकीत पाणी कमी झालंय, मीटिंगच्या आधी दोन बादल्या भरून घ्या.